अकरा मिनिटांचे अठ्ठावीस तुकडे

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला समजूत घालायची हौस नाही.

आणि एक. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. माझ्याकडे आलं ते रविवारी सकाळी, सव्वाअकराला. बाहेर लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी झाली होती.

मी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो. घराच्या खालीच माझं दुकान आहे. वरच्या मजल्यावर मी आणि वहिनी राहतो. माझा थोरला भाऊ, दादा, चार वर्षांपूर्वी गेला.

दादा ऑफिसात कारकून होता, पण जीव सगळा आवाजांत. बंद पडत चाललेल्या वस्तूंचे आवाज तो रेकॉर्ड करायचा. हातपंप, टाइपरायटर, जुनी लिफ्ट, छापखान्याचं यंत्र. त्यासाठी त्याने घरातली एक खोली आवाजबंद करून घेतली होती. भिंतींना जाड स्पंज, जाडजूड दार, आणि दारात वहीच्या पानाएवढी एक काच.

हे सगळे आवाज तो टोरेंटवर वाटायचा. फुकट. ज्यांना माहीत नाही त्यांना दोन वाक्यांत सांगतो. टोरेंटमध्ये फाइलचे छोटे छोटे तुकडे होतात, आणि ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे तो ते इतरांना देत राहतो. त्याला सीड करणं म्हणतात. प्रत्येक तुकड्याची एक खूण पहिल्याच दिवशी ठरते. नंतर त्यात केसाएवढा फरक केलात तरी घेणाऱ्याचा कॉम्प्युटर तो तुकडा फेकून देतो.

ही खूण फसवता येत नाही. लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

दादाचे असे दोनशे चौदा टोरेंट होते. तो गेल्यावर वहिनी मला एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, ह्यांनी हे कधी बंद ठेवलं नाही. तुम्हीही ठेवू नका."

मी ठेवलं नाही. चार वर्षं कॉम्प्युटर चालू.

पण शेवटच्या, दोनशे चौदाव्या रेकॉर्डिंगमधली अकरा मिनिटं मी पुसली होती.

ती वहिनीच्या कानावर पडू नयेत, एवढ्याचसाठी. पडली तर या घरात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

काय होतं त्यात, तेही सांगतो. आता लपवून काय करू?

आवाजबंद खोलीच्या दाराचं आतलं हँडल सैल झालं होतं. नुसतं गरगर फिरायचं. बाहेरून दार उघडायचं, आतून नाही. दादा मला महिनाभर सांगत होता, "बारक्या, ते हँडल बसव रे." मी म्हणायचो, "रविवारी करतो. दुकान बंद असतं तेव्हा करतो."

असे चार रविवार गेले.

पाचव्या रविवारी सकाळी दादा वहिनीसमोर म्हणाला, "गावाचे पंखे दुरुस्त करतो, आणि घरातला एक स्क्रू ह्याला बसवता येत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वहिनी हसली, म्हणून जास्तच गेली.

वहिनी नर्स आहे. ती ड्यूटीला निघून गेली. दादा जुनं भिंतीवरचं घड्याळ घेऊन खोलीत बसला, तासभर टिकटिक रेकॉर्ड करायला. सवयीने दार ओढून घेतलं त्याने. त्याला दमा होता. त्याचा पंप बाहेर जेवणाच्या टेबलावर राहिला होता.

वीसेक मिनिटांनी ठोके ऐकू आले. जाड दारातून येणारे... अगदी बारीक.

मी गेलो. काचेसमोर उभा राहिलो. आत दादा हँडल फिरवत होता. मला बघून त्याने हाताने खूण केली, उघड.

आणि मी हसलो.

म्हटलं, बस आता आत. कळू दे एका स्क्रूची किंमत.

मग मी वळलो, आंघोळीला गेलो. मला वाटलं तो चिडलाय. त्याला दम लागलाय हे मला दिसलं नाही. आईशप्पथ दिसलं नाही.

परत आलो तेव्हा ठोके थांबले होते. म्हटलं, बसला गप्प; दार उघडलं ते तास उलटून गेल्यावर.

वहिनीला, डॉक्टरला, सगळ्यांना मी सांगितलं की मी घरी नव्हतो. बाजारात गेलो होतो. आलो तेव्हा सगळं संपलं होतं.

पण रेकॉर्डर चालू होता ना.

दादाने सोय अशी करून ठेवली होती की तास संपला की रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं, बाहेरच्या कॉम्प्युटरवर त्याचं टोरेंट आपोआप बनायचं आणि वाटायला लागायचं. दादा खोलीत फरशीवर पडला होता आणि बाहेर त्याचा शेवटचा तास जगाला वाटायला तयार होता. मला कळलं तिसऱ्या दिवशी. तोवर कोणी घेतलं नव्हतं. घेणारे शून्य, मी नीट बघितलं.

हेडफोन लावून चार मिनिटं ऐकलं. पुढचं ऐकवेना. मग पहिल्या ठोक्यापासून, पडद्यावरच्या रेषेत नुसती टिकटिक उरते तिथपर्यंत, सगळा आवाज न ऐकताच काढून टाकला. फाइलची लांबी तेवढीच ठेवली, फक्त मध्ये अकरा मिनिटं शांतता. खोलीतल्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरची डिस्क काढून हातोड्याने फोडली. उरलेला डबा भंगारात दिला. दाराला नवं हँडल बसवलं. दहा मिनिटांचं काम होतं.

टोरेंट पण काढूनच टाकायचं होतं. पण वहिनीने ते यादीत आधीच बघितलं होतं, ऐकलं नव्हतं एवढंच. सुरुवातीला दादाचा आवाज आहे त्यात. "आज भिंतीवरचं घड्याळ. एक तास." एवढंच. त्या एवढ्याशा आवाजासाठी ती दर रविवारी दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ते लावते. तासभर.

मधली शांतता आली की ती गॅस बारीक करते आणि टेबलावर हात ठेवून बसते. मी सांगून ठेवलं होतं, रेकॉर्डर बिघडला होता तेव्हा.

जगभरातले लोक मात्र त्या टोरेंटवर अडकून पडायचे. एक्क्याऐंशी पूर्णांक सहा टक्के, पुढे हलायचंच नाही. शिव्या द्यायचे. मीही द्यायचो. फुकटचं घेता आणि वर तक्रार? चला, फुटा.

आता त्या रविवारचं ऐका.

दादाचा जुना ड्राइव्ह महिनाभर कटकट वाजत होता. मरायला टेकला होता. मी नवा आणला. वहिनीने बजावलं, "बदला, पण वाटप एक दिवससुद्धा बंद नको." शनिवारी सगळ्या फाइली नव्या ड्राइव्हवर कॉपी करायला लावल्या. रविवारी सकाळी टोरेंटच्या यादीत सगळ्यांची जागा बदलून दिली. जुना ड्राइव्ह नाही, आता हा नवा.

असं करताना एक सवय असते. फाइली नीट आल्यात का हे बघायला रीचेक दाबायचं. कॉम्प्युटर एकेक तुकडा काढतो आणि त्याची पहिल्या दिवशीची खूण ताडून बघतो.

दोनशे तेरांना रीचेक द्यायचं, शेवटच्याला हात लावायचा नाही, हे मी ठरवलं होतं.

आणि सवयीने सगळी यादी एकदम निवडली... आणि दाबलं.

लक्षात आलं तेव्हा दोनशेच्या वर झाले होते. बघत बसलो. शंभर टक्के, शंभर टक्के, शंभर टक्के.

दोनशे चौदावा... एक्क्याऐंशी पूर्णांक सहा.

एकशे बावन्न तुकड्यांपैकी अठ्ठावीस खोटे. चार वर्षं माझा कॉम्प्युटर समजत होता की आपल्याकडे सगळं आहे. आता त्याला कळलं की नाही.

म्हटलं, नसू दे. त्याने मागितले तरी देणार कोण? खरे तुकडे जगात कुणाकडेच नव्हते.

सव्वाअकरा वाजले होते.

त्या टोरेंटला कोणकोण जोडलेलं आहे त्या यादीत एक नवी ओळ आली. त्याच्याकडे अठरा पूर्णांक चार टक्के होते.

इतर सगळे एक्क्याऐंशीवर अडकलेले. आणि हा एकटा... ह्याच्याकडे नेमकं तेवढंच होतं जे कुणाकडे नव्हतं.

मी पत्ता बघितला. बाहेरचा नव्हता.

घरातला होता.

दादाने घरातल्या प्रत्येक मशीनला नंबर दिला होता. हा सात नंबर होता. आवाजबंद खोलीतला कॉम्प्युटर. ज्याची डिस्क मी माझ्या हाताने फोडली होती.

एक्क्याऐंशी पूर्णांक सहाचं ब्याऐंशी पूर्णांक दोन झालं.

पहिला तुकडा आला होता. खूण जुळली होती.

मी उठून खोलीकडे गेलो. काचेतून बघितलं. रिकामं टेबल. त्यावर धुळीत चौकोनी डाग, कॉम्प्युटर होता तिथे. भिंतीतून येणारी वायर जमिनीवर, तिचं टोक मोकळं.

वायरीच्या त्या टोकाशी कोणीच नव्हतं... आणि भिंतीतल्या खोबणीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

धावत परत आलो. टोरेंट थांबवलं. ते परत चालू झालं. पुन्हा थांबवलं. पुन्हा चालू. राउटरची पिन उपटली. इंटरनेट गेलं, यादीतले सगळे गेले.

सात नंबर राहिला.

तुकडा दहावा. तुकडा अकरावा.

फाइल उडवायचं ठरवलं. हीच वेळ होती. माऊस नेला, डिलीट दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाइल दुसरीकडे उघडी आहे.

आणि स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला.

"आज भिंतीवरचं घड्याळ. एक तास."

बारा वाजायला अजून अर्धा तास होता! मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. वहिनी टेबलाशी बसली होती.

"वहिनी, बंद कर ते."

"का?"

"ड्राइव्ह बदलतोय. फाइल खराब होईल."

"होऊ दे. दुपारी मला ड्यूटी आहे, म्हणून आत्ता लावलंय."

"मी संध्याकाळी लावून देतो ना!"

"भाऊजी, आठवड्यातून एकदा ऐकते मी. तेवढं ऐकू द्या."

स्पीकर तिच्या हाताशी होता. घड्याळ टिकटिकत होतं. एकविसाव्या मिनिटाला शांतता सुरू होते, मला तोंडपाठ आहे. म्हणजे माझ्या हातात वीस मिनिटं होती.

परत येऊन मी जे सुचलं ते केलं. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. बंद झाला... आणि आपोआप सुरू झाला. टोरेंटची यादी उघडली. ड्राइव्हची वायर ओढायला हात घातला आणि मुंग्या येऊन हात खांद्यापर्यंत बधिर झाला. मी रोज करंट खाणारा माणूस आहे. हा करंट नव्हता. कोणीतरी मनगट धरलं होतं. बोटं थंडगार होती.

तुकडा चोवीस. पंचवीस.

"दादा, बस ना रे," मी चक्क बोललो. "वहिनीला नको. मला काय करायचं ते कर."

सत्तावीस.

स्वयंपाकघरातून टिकटिक ऐकू येत होती. एकोणीस मिनिटं झाली होती.

अठ्ठावीस. शंभर टक्के.

सात नंबर यादीतून गेला.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. एकविसावं मिनिट आलं. वहिनीने उठून नेहमीसारखा गॅस बारीक केला, टेबलावर हात ठेवला.

ठक. ठक. ठक.

तिने मान वर केली.

"बारक्या! अरे हँडल गेलं. उघड." मग टिकटिक. मग पुन्हा ठोके. "आलास? उघड ना. काचेतून दिसतोयस तू मला... हसतोस काय? अरे दम लागलाय मला. पंप टेबलावर आहे. बारक्या... कुठे चाललास? ए बारक्या!"

वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलाकडे बघत होती. तिथेच पंप होता त्या दिवशी.

ती अकरा मिनिटं आम्ही दोघांनी ऐकली. ती बसून, मी उभा. दादाचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला तेव्हा ती पुटपुटत आकडे मोजत होती. पेशंटचे श्वास मोजतात तसे. चार वर्षं मी जे ऐकलं नव्हतं ते सगळं त्यात होतं.

शेवटचा तुकडा... ठोके नव्हते. दादा मायक्रोफोनला अगदी चिकटून बोलत होता. आवाज नव्हताच, नुसती हवा.

"बारक्या... तुझ्यावरही वेळ येईल. तेव्हा मीही असाच काचेत उभा राहीन."

मग घड्याळ एकटंच टिकटिकत राहिलं.

वहिनी उठली. गॅस बंद केला. माझ्या बाजूने निघून गेली, आवाजबंद खोलीत शिरली आणि दार ओढून घेतलं. काचेतून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी धावलो आणि दार उघडलं. लगेच उघडलं. एक क्षण लावला नाही.

ती बाहेर आली. म्हणाली, "एका हाताने उघडतं की."

बस, एवढंच. मला वाटलं होतं रडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने बॅग भरली आणि बहिणीकडे गेली. जाताना माझ्या पानावर वाढून गेली होती. ते मी कचऱ्यात टाकलं.

मी राउटरची पिन परत लावली. का, विचारू नका. कॉम्प्युटरने लगेच वाटायला सुरुवात केली. एक्क्याऐंशीवर अडकलेले सगळे संध्याकाळपर्यंत शंभरला पोचले. आता मी बंद करून काही उपयोग नाही. ते चाळीस जणांकडे आहे.

सोमवारी मी त्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. दार नाही तर अडकायचा प्रश्नच नाही. मी दिवसभर वस्तू खोलतो-जोडतो, एवढी अक्कल मला आहे.

मंगळवारी यादीत दोनशे पंधरावं टोरेंट दिसलं.

मी केलेलं नाही. वाटणारा एकच... सात नंबर.

नाव दादाच्याच पद्धतीचं. आधी तारीख, मग कसला आवाज ते. तारीख येत्या रविवारची आहे. आवाजाच्या जागी लिहिलंय, 'बारक्या'. लांबी अकरा मिनिटं.

मी ते ऐकलेलं नाही. ऐकणार नाही. पण घेणाऱ्यांनी घेतलं. खाली एकाने लिहिलंय, "एक माणूस दार ठोकतोय आणि 'दादा, उघड' म्हणून रडतोय. बाहेर कोणीतरी उभं आहे, कारण हा त्याच्याकडे बघून बोलतोय. मग तो उघडत का नाही?"

आज गुरुवार. सकाळी वहिनीचा मेसेज आला. चार दिवसांतला पहिला. "रविवारी येते. दार उतरवलंत असं कळलं. सुतार पाठवतेय, परत बसवून घ्या. ह्यांची खोली आहे ती."

तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी तर कोणाशी बोललेलो नाही. पण नाही म्हणायला मला तोंड कुठे आहे?

दुपारी सुतार आला. गच्चीवरून दार खाली आणलं, बिजागऱ्या घट्ट केल्या, उघडून-मिटून बघितलं. मी दुकानात खाली एका मिक्सरचं भांडं खोलून बसलो होतो. तो जिन्यातून ओरडला.

"काका, दार मस्त बसलंय. पण आतलं हँडल नुसतं फिरतंय बघा."

चार वर्षांपूर्वी मी नवं बसवलं होतं ते. रविवारपर्यंत चांगलं होतं.

"मी लावून देऊ का? माझ्याकडे आत्ता स्क्रू नाहीये, उद्या येतो."

माझं लक्ष मिक्सरमध्ये होतं. हातातलं काम अर्धवट होतं. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"राहू दे रे. मी करतो रविवारी. दुकान बंद असतं तेव्हा करतो."